बाईंचा भांडणाचा तास

विद्यापीठातल्या आमच्या विभागात दर हिवाळ्यात एक सोहळा व्हायचा. त्याचं नाव दरवर्षी बदलायचं, मजकूर तोच. पंजाबी मुलानं भांगडा करायचा, मल्याळी मुलीनं सोनेरी काठाची साडी नेसायची, परदेशी मुलांनी आपापल्या देशाचे कपडे घालून स्टेजवर नुसतं हसत उभं राहायचं आणि आम्ही इथल्यांनी फेटे बांधून त्यांच्यासोबत फोटो काढायचे. शेवटी सगळ्यांना ढोकळा. आमच्या बाई या सोहळ्याला कधीही आल्या नाहीत. त्या दिवशी त्या नेमकी रजा घेत आणि अर्जात रजेचं कारण लिहीत, 'विविधता'.

त्यांना 'मॅडम' म्हटलेलं खपत नसे. "मॅडम बँकेत असतात," म्हणायच्या. त्यामुळे केरळपासून आफ्रिकेपर्यंतची सगळी पोरं त्यांना बाई म्हणायची. कडक इस्त्रीची सुती साडी, खाली पळायचे बूट आणि पाठीला सॅक. शिकवायच्या इंग्रजीत, पण रागवायच्या मात्र मराठीत. बाहेरून आलेल्या मुलांची मराठी त्यामुळे फार एकांगी झाली होती. त्यांना 'नमस्कार' धड म्हणता यायचा नाही, पण 'आपण काय समजता स्वतःला?' अगदी सुरात यायचं.

बाईंचं म्हणणं साधं होतं. "सणाच्या दिवशी सगळेच शहाणे असतात. नवे कपडे घालून कोण वाईट वागतो? माणूस कुठला आहे हे बघायचं असेल, तर त्याला भांडताना बघा." आणि त्या नुसतं म्हणून थांबल्या नव्हत्या. शुक्रवारचा शेवटचा तास त्यांनी भांडणाचा केला होता. वेळापत्रकात त्याला काहीतरी भारदस्त इंग्रजी नाव होतं. ते त्यांच्यासकट कुणालाच पाठ नव्हतं.

मी वाशीमचा. पुण्यात आल्यावर मला भेटलेले पहिले परदेशी लोक म्हणजे पुणेकर. पत्ता विचारला तर "माहीत आहे" एवढंच उत्तर देऊन पुढे जाणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. अशा अवस्थेत मी बाईंच्या पहिल्या तासाला जाऊन बसलो. बाकीच्या प्राध्यापकांनी नाव, गाव आणि आयुष्याचं ध्येय विचारलं होतं. बाईंनी विचारलं, "तुमच्या घरी भांडण कसं होतं?"

मग पुढच्या बाकावरचा एक गुळगुळीत चेहऱ्याचा मुलगा म्हणाला, "आमच्या घरी भांडण होत नाही."

"मग आपण घरी नसता," बाई म्हणाल्या आणि पुढच्याकडे वळल्या.

नारायण पेठेतली केतकी म्हणाली की तिचे आईबाबा भांडले की एकमेकांशी बोलत नाहीत, एकाच खोलीत बसून तिच्यामार्फत बोलतात. "तुझ्या बाबांना सांग, चहा झालाय." "तुझ्या आईला सांग, ऐकू आलंय." बाई खूश झाल्या. मी सांगितलं की आमच्याकडे भांडण घरात करत नाहीत, अंगणात येऊन करतात, म्हणजे गल्लीला ऐकू जातं आणि सोडवायला कुणीतरी येतं. कुणी आलंच नाही तर मोठी पंचाईत होते, कारण मग भांडण थांबवायचं कुणी? बाईंनी हे फळ्यावर लिहून घेतलं. माझं विद्यापीठातलं पहिलं योगदान ते.

मधल्या बाकावर जुमा बसला होता. टांझानियाचा, समुद्रकाठच्या गावचा, सव्वासहा फूट उंच आणि आवाज मात्र देवळात बोलल्यासारखा. तो म्हणाला की त्यांच्याकडे कुणाकडेही गेलं की आधी विचारपूस करावी लागते. घर कसं आहे, आई कशी आहे, काम कसं चाललंय, रात्र कशी गेली. समोरचाही तेवढंच विचारतो. वडीलधारा माणूस असेल तर आधी आदराचा वेगळा नमस्कार. भांडायला जरी गेलं तरी हे सगळं चुकत नाही. "आणि ते सगळं होईपर्यंत," जुमा म्हणाला, "निम्म्या लोकांचा राग गेलेला असतो."

"व्हेरी नाइस," बाई म्हणाल्या आणि गोड हसल्या. तेव्हा आम्हाला वाटलं, बाई कधीकधी गोडही हसतात. पुढे कळलं की त्या फक्त जुमाकडे बघून हसत.

पुणेरी भांडणाचं प्रात्यक्षिक बाई स्वतः रोज देत. पार्किंगच्या वॉचमनशी त्यांचं जुनं वैर होतं. बाईंची मोपेड झाडाखाली लागलेली त्याला चालत नसे. आधी दोघं 'तुम्ही'वर असत, राग चढला की 'आपण'वर जात. "आपण झाडाला विचारलंत का, त्याची हरकत आहे का ते?" असं बाई म्हणत आणि तो म्हणे, "झाडानंच तक्रार केलीये बाई, आपल्याकडे पाठवू का त्याला?" दोघंही न हसता आपापल्या कामाला जात. कँटीनच्या चहाबद्दल त्या रोज काउंटरवर निकाल देत. "आजचा कालच्यापेक्षा वाईट आहे. उद्याची भीती वाटते." एकदा बाई तापानं आठवडाभर आल्या नाहीत, तर कँटीनवाले काका आम्हाला रोज विचारायचे, "कधी येणारेत हो? चहाला कुणी नावच ठेवत नाही, करमत नाही." बाई बऱ्या होऊन आल्या त्या दिवशी काकांनी कपबशीतून चहा पाठवला. बाईंनी घोट घेतला आणि म्हणाल्या, "आजारपणात मला वाटलं होतं, जीभ गेली. नाही, चहाच तसा आहे." काका आत जाऊन समाधानानं भजी तळायला लागले.

आमच्या लिखाणाची त्या अशीच वासलात लावत. माझ्या पहिल्या सेमिनारनंतर म्हणाल्या, "आपण वाचत असताना मी खिडकीबाहेर पाहत होते. तिथे एक कुत्रा झोपला होता. त्याच्यात जास्त घडत होतं." केतकीला म्हणाल्या, "शेवटचं वाक्य चांगलं आहे. ते आधी आलं असतं तर बाकीचं ऐकावं लागलं नसतं." केतकी रडली. मी आईला फोन करून सांगितलं तर आई म्हणाली, "काऊन रे, एवढं बोलली ते बाई तुले? मंग ते तुह्यावर ध्यान देऊन राहिली." आईला असलं लगेच कळतं.

बाई आम्हाला मंडईतही न्यायच्या. भाजी आणायला नव्हे, भांडण आणायला. प्रत्येकानं एकेका गाळ्यावर भाव करायचा आणि परत येऊन सांगायचं की शब्दाला शब्द कसा वाढला. मंडईतल्या बायका बाईंना ओळखत. "आल्या बघा पोरं घेऊन," अशी आरोळी पडायची आणि भाव आपोआप चढायचे, कारण त्यांनाही शिकवायचा उत्साह होता. मी कोथिंबिरीच्या जुडीवरून अशी बोलणी खाल्ली की वाशीमची आठवण आली. जुमा गेला तो दोन्ही हातांत पेरू घेऊन परत आला. त्यानं भाव करायला तोंड उघडलं तर पेरूवाल्या मावशी म्हणाल्या, "पाव्हणं हाय, लांबनं आलंय, खाऊ द्या." पैसेही घेतले नाहीत.

"व्हेरी नाइस," बाई म्हणाल्या. त्यांनीही एक पेरू खाल्ला.

तेच बुधवार पेठेत. मी आणि जुमा एकाच खोलीत राहायचो, तर एकदा दोघं मिळून चार्जर घ्यायला गेलो. मी दुकानदाराला दुसरा दाखवा म्हटलं तर त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "घ्यायचाय, की ओळख करून घ्यायची आहे त्याच्याशी?" जुमानं विचारल्यावर मात्र त्यानं सगळं कपाट काउंटरवर मांडलं, चहा मागवला आणि मुलाला बोलावून जुमासोबत सेल्फी काढायला लावला. मी बाजूला उभा राहून जळत होतो. बाहेर आल्यावर जुमा म्हणाला, "तुझ्याशी तो बोलला."

मला त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही.

सगळेच चहा पाजत होते असंही नव्हतं. आम्ही खोली शोधत होतो तेव्हा चार ठिकाणी फोनवर रिकामी असलेली खोली जुमाला बघितल्याबरोबर भरली. पण तिथेही कुणी वाईट बोललं नाही. "अहो, आत्ताच गेली बघा, तुम्ही जरा आधी यायला हवं होतं," असं म्हणून पाणी विचारलं. एखाद्यानं स्पष्ट सांगितलं असतं तर निदान तंडता आलं असतं. मला फार राग यायचा. जुमा पाणी पिऊन आभार मानायचा.

भांडणाच्या तासाला बाईंनी एकदा आमची जोडी लावली. विषय असा की जुमानं माझी बादली नेली, आता भांडा. नियम एकच होता, खोटं भांडायचं नाही. मी उठलो आणि घरच्या पद्धतीनं सुरुवात केली, "माही बादली काऊन नेली बे?" जुमानं शांतपणे माझ्या आईची चौकशी केली. मग वडिलांची. मग बहिणीच्या परीक्षेची. मी सगळी उत्तरं दिली, आणि मग बादलीचं काय करायचं ते मला सुचेना. "राहू दे तुझ्याकडं," म्हणालो. वर्ग हसून लोळला. बाईंनी मला शून्य दिलं. "आपल्या बादलीसाठी जो उभा राहत नाही तो देशासाठी काय राहणार?" म्हणाल्या. जुमाला म्हणाल्या, "छान. व्हेरी नाइस."

दुसरं सत्र अर्ध्यावर आलं असेल. कँटीनमध्ये बसलो असताना जुमा सहज म्हणाला की सत्र संपलं की तो घरी परत जाणार, कायमचा. तिकडच्या कॉलेजात त्यानं विचारलंही होतं, तिकीटही काढलं होतं. मी उडालो. कुणी काही बोललं का, विचारलं. तो म्हणाला, "नाही ना. इथे सगळे माझ्याशी चांगले वागतात. पहिल्या दिवशी वागले तसेच आजही वागतात. माझ्या घरी पाहुणा तीन दिवस पाहुणा असतो. मग आई त्याच्या हातात कुदळ देते."

मला वाईट वाटलं. पुण्यात माझं म्हणावं असं ते एकच माणूस होतं. मी तडक बाईंच्या खोलीत गेलो आणि सांगून टाकलं. बाई ऐकता ऐकता लाल झाल्या.

"म्हणजे इतक्या महिन्यांत त्याच्याशी एकही माणूस भांडला नाही? एकही? आणि हे माझ्या वर्गात?" त्या उठून फेऱ्या मारू लागल्या. "अरे, ज्याच्याशी भांडलो तो आपला. आमचे हे गेले, लोक भेटायला येतात, गोड बोलतात, डबे देतात. मला डबे नकोत रे. तो माणूस सकाळी वर्तमानपत्राच्या घडीवरून जो तंडायचा, तसं तंडणारं कुणी राहिलं नाही मला." एवढं बोलून त्या एकदम थांबल्या आणि पुन्हा बाई झाल्या. "पुढच्या शुक्रवारपर्यंत वर्गातल्या प्रत्येकानं त्याच्याशी भांडलं पाहिजे. काय वाटेल ते कारण काढा. जा."

तो आठवडा विसरण्यासारखा नाही. केतकीनं जुमाला गाठून सांगितलं की तुझ्या उंचीमुळे मला फळा दिसत नाही. जुमानं माफी मागितली आणि तेव्हापासून तो वर्गात वाकून बसू लागला, त्यामुळे केतकीला अपराधी वाटून तिनं त्याला पुरणपोळी आणून दिली. पंजाबी मुलानं त्याचा पाय मुद्दाम तुडवला आणि ताबडतोब तोंडातून 'सॉरी' निघून गेलं. मिझोरामची मुलगी भांडायला म्हणून गेली आणि त्याच्यासाठी केक घेऊन गेली, कारण रिकाम्या हातानं कसं जायचं? बाई स्वतः त्याला रिक्षा स्टँडवर घेऊन गेल्या. पुण्यातला रिक्षावाला तरी भांडेल ही त्यांना खात्री होती. पण तो रिक्षावाला बाईंना ओळखत होता. तो जुमाला बसवून निमूट मीटर टाकून निघाला. बाई भर रस्त्यात हताश उभ्या होत्या असं जुमानंच मला सांगितलं.

मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, "बाईंनी तुम्हाला पाठवलं होतं ना?"

मी हो म्हणालो. खोटं बोलायला जमलं नाही. तो पेन काढून लिहायला बसला. शुक्रवारी त्याचं सेमिनार होतं, जाण्याआधीचं शेवटचं.

त्या शुक्रवारी जुमा इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहिला आणि वाचू लागला. विषय त्याच्या गावच्या मासळीबाजाराचा होता. पहिलं पान झालं, दुसरं झालं, तिसऱ्यावर आला, आणि मला वाटलं हे आपण आधी ऐकलंय. तेच मासे, तीच टोपली, त्याच दोन बायका. मी केतकीकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. जुमा दुसरं पानच पुन्हा वाचत होता, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. बाई मान डोलावत होत्या. पहिल्या खेपेला ज्या वाक्याला त्या हसल्या होत्या, त्याच वाक्याला पुन्हा तेवढ्याच हसल्या.

वाचून झालं. "छान," बाई म्हणाल्या. "व्हेरी नाइस. बस."

जुमा बसला नाही. "बाई," तो मराठीत म्हणाला, "मी एक पान दोनदा वाचलं. मुद्दाम वाचलं."

"ह्यानं," जुमानं माझ्याकडे बोट दाखवलं, "ह्यानं एक वाक्य वाईट लिहिलं, तुम्ही त्याला कुत्रा दाखवला. केतकी रडली. सगळे रडले. मी पान दोनदा वाचतो, आणि मी छान?" त्याचा तो देवळातला आवाज कुठल्या कुठे गेला होता. "आपण काय समजता स्वतःला? सगळ्यांना सांगता, जुमाशी भांडा, जुमाशी भांडा. तुम्ही भांडलात? एक दिवस? माझं लिखाण रागवण्याच्या लायकीचं नाही? मंडईत मावशींनी दिला, पण सगळ्यात मोठा फुकटचा पेरू तुम्हीच दिला मला, बाई!" आणि त्यानं टेबलावर अशी मूठ आपटली की डस्टर खाली पडला.

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

"कळलं होतं मला," त्या हळू म्हणाल्या. "पान दोनदा वाचलंस ते कळलं होतं."

"मग?"

"वाटलं, इतक्या लांबून आलेलं पोर आहे. आई नाही जवळ. कशाला दुखवा? चुकलं माझं. साफ चुकलं." मग त्यांनी सॅकमधून लाल पेन काढलं, खुर्ची ओढून त्याच्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "वाचा. पहिल्या ओळीपासून."

जुमानं पहिली ओळ वाचली.

"थांबा. 'गावातले सगळे लोक बाजारात येतात.' सगळे? आपण मोजलेत? आंधळे, पांगळे, बाळंतिणी, सगळे?"

"सगळे म्हणजे… बरेच."

"मग बरेच लिहायला हात दुखतो का आपला?"

"नाही दुखत! पण आमच्याकडे सगळेच म्हणतात!"

"आपल्याकडे म्हणू दे. माझ्याकडे नाही चालणार."

तास संपला. पुढच्या तासाची पोरं दारात येऊन उभी राहिली, त्यांचे सर आले, तेही ऐकत उभे राहिले. बाई एकेका वाक्याला धरत होत्या आणि जुमा एकेका वाक्यासाठी लढत होता. मधेच तो स्वाहिलीत जायचा, मधेच बाई अस्सल सदाशिवपेठी व्हायच्या, आणि तरी दोघांनाही एकमेकांचं सगळं कळत होतं. मासळीबाजारातल्या त्या दोन बायकांवरून तर असं जुंपलं की आम्ही गॅलरीत जाऊन उभे राहिलो. केतकीच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, लपवण्यात अर्थ नाही.

शेवटी बाईंनी पेनचं टोपण लावलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं की हे सेमिनार नापास आहे, पुढच्या सत्रात पुन्हा द्यावं लागेल, आणि ते द्यायला इथे असावं लागेल.

जुमानं कागद गोळा केले, आमच्याकडे न बघता जिना उतरला आणि मोठमोठ्या ढांगा टाकत चालू लागला. मी मागून पळत त्याला गाठलं. संतापानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. गेटपर्यंत तो एकटाच बडबडत होता. या बाईंना माशातलं काय कळतं? कधी समुद्रावर तरी गेल्यात का? 'सगळे' म्हणजे सगळे नव्हेत हे शेंबडं पोरही सांगेल. इतकं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"मग? तिकिटाचं काय करतोस?" मी भीतभीत विचारलं.

तो रस्त्यातच थांबला आणि माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी वेडा आहे. "आता कसा जाऊ? नापास होऊन? त्या बाईंना हरवल्याशिवाय?"